मोबाईलसमोरचं प्रभुभोजन

सलाम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकीचं समजलो असेन तर सांगा.

तुमच्या आई ६८ वर्षांच्या आहेत. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एकट्या राहतात. वडील २०२१ मध्ये गेले आणि तेव्हापासून आईंनी चर्चला जाणं सोडलं. रविवारी सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत त्या मोबाईलवर एकापाठोपाठ तीन उपासना पाहतात. महिन्यातून एकदा, पडद्यावरचा उपदेशक सांगतो तेव्हा, स्टीलच्या वाटीत द्राक्षाचा रस आणि चपातीचा तुकडा घेऊन प्रभुभोजनही (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेतात. वडिलांच्या पेन्शनमधून कधी पाचशे, कधी हजार रुपये त्या चॅनेलच्या क्यूआर कोडवर जातात. तुम्ही पुण्यात नोकरीला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ही उपासना देवाला चालते का, ते प्रभुभोजन खरं मानायचं का, आणि आईंना थांबवायचं कसं.

मी २७ वर्षं पाळकाचं काम करतोय, नगर, बीड आणि जालना जिल्ह्यांतल्या मंडळ्यांत. मी सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा माणूस. तुमची मंडळी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यावर ठरतं, म्हणून तिथे मी वेगवेगळ्या मंडळ्यांचं वेगवेगळं सांगेन.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मी वाचता वाचता तिथेच अडलो. आई चर्चमध्ये दिसेनाशा झाल्या हे कोणाच्या लक्षात आलं? पाळक घरी येऊन गेले का? महिला मंडळातली कोणी बाई दारात आली का? तुम्ही चार परिच्छेद लिहिलेत, त्यांत मोबाईल आहे, चॅनेल आहे, पैसे आहेत, पण मंडळीतला एकही माणूस नाही. लिहायचं राहून गेलं असेल. पण मला शंका अशी आहे की लिहिण्यासारखं काही घडलंच नसावं.

ही शंका मी दुसऱ्यांवर बोट दाखवायला काढत नाही. मी स्वतः यात पोळलोय.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. त्या वर्षी शुभ शुक्रवार १० एप्रिलला होता, ईस्टर १२ ला. आयुष्यात पहिल्यांदा ईस्टरला मी रिकाम्या चर्चमध्ये उभा होतो. बायकोने स्टुलावर वह्या-पुस्तकांची चळत रचून तिला फोन टेकवला आणि मी त्या फोनला उपदेश केला. मंडळीत साठेक घरं. संध्याकाळी पाहिलं तर ४१ व्ह्यूज. आम्हाला केवढा आनंद! पुढे दर रविवारी व्ह्यूज मोजायची सवयच लागली. नेहमीपेक्षा जास्त दिसले की मी मंडळीच्या पंचांना कौतुकाने सांगायचो. मग जूनमध्ये कोणीतरी सहज बोलून गेलं की अमक्या आजी मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मे महिन्यापासून खाटेवर आहेत. मी पास वगैरे काढून धावत गेलो. आजी म्हणाल्या, “पाळकसाहेब, मी तर दर रविवारी बघत होते तुम्हाला. तुम्हालाच मी दिसत नव्हते.”

दर रविवारी मोजलेल्या त्या व्ह्यूजमधला एक आजींचा होता. नातू खाटेशी फोन धरून उभा राहायचा. सहा आठवडे मी त्यांना ‘हजर’ धरत होतो.

तेव्हापासून या विषयावर कोणी विचारलं की मी ‘देवाला चालतं का’ इथून सुरुवात करत नाही. तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो: आईंनी मोबाईलसमोर बसून केलेली प्रार्थना देव ऐकतो. स्वयंपाकघरात केलेली ऐकतो, तशीच ही. यात मला तिळमात्र शंका नाही. रात्री तीनला झोप उडालेल्या विधवेच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नसतो, तेव्हा फोनवर कोणी स्तोत्र वाचत असेल तर ते वाचन तिच्यासाठी काय असतं हे तुम्हा-आम्हाला लांब बसून कळायचं नाही. फोनचं आणखी एक आहे. आवाज वाढवता येतो, नीट ऐकू आलं नाही तर मागे नेता येतं. आमच्या चर्चमधला माईक यातलं काहीच करत नाही, उलट शिट्ट्या मारतो.

आणि शब्द घरपोच करणं ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक नगरला १८४२ मध्ये सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये छापखाना चालवला, तिथल्या बायका-मुलींच्या हातून पवित्र शास्त्र छापलं गेलं. त्याच्याही मागे जायचं तर नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रंच आहेत. प्रेषित पौल जिथे जाऊ शकत नव्हता तिथे त्याचं पत्र जायचं. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर लेखनिक तर्तिय स्वतः डोकं वर काढून सलाम सांगतो. कलस्सैच्या मंडळीला पौल सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं पाहा. आज आपण ‘फॉरवर्ड करा’ म्हणतो त्यातलाच प्रकार. (‘अकरा जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद हुकेल’ असले मेसेज त्यात धरू नका. ती धमकी आहे, तिला पत्र म्हणत नाहीत.)

पण योहानाचं दुसरं पत्र उघडून बघा. तेरा वचनांचं आहे, दोन मिनिटांत वाचून होतं. बाराव्या वचनात योहान म्हणतो की तुम्हाला लिहायचं पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईने लिहावं असं वाटत नाही. तुमच्याकडे यावं आणि समोरासमोर बोलावं अशी आशा आहे, म्हणजे आपला आनंद पुरा होईल. हेच तो तिसऱ्या पत्राच्या शेवटी पुन्हा लिहितो. त्या काळचं उत्तमातलं उत्तम साधन हातात आहे, तो ते वापरतोय, आणि वापरता वापरताच सांगतोय की माझं यावर भागत नाही. मोबाईलवरच्या उपासनेकडे मी याच नजरेने पाहतो. ते पत्र आहे. पत्र आलं की आनंद व्हावा. पण पत्र लिहिणाऱ्याने कधी यायचंच नाही, आणि पत्र वाचणाऱ्याचा पत्ताही त्याला माहीत नाही, तर ते पत्र कसलं?

लोक मला शताधिपतीचा, म्हणजे रोमी सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचा, दाखला देतात. मत्तयाच्या आठव्या अध्यायात तो येशूला म्हणतो, माझ्या घरी येण्याचीही गरज नाही, नुसता शब्द बोला, माझा चाकर बरा होईल. आणि तो बरा होतो, दुरूनच. म्हणजे दुरून होतं की पाळकसाहेब! होतंच. पण तोच अध्याय वरून खालपर्यंत वाचा. शताधिपतीच्या आधी कुष्ठरोगी आहे. त्याला येशू नुसत्या शब्दाने बरं करू शकला असता, तरी हात पुढे करून स्पर्श करतो, ज्याला गावात कोणी शिवत नव्हतं त्याला. आणि नंतर पेत्राची सासू तापाने पडलीय, तिच्या घरात जाऊन तिच्या हाताला हात लावतो. एकाच अध्यायात तिन्ही. ज्याला शब्द पुरला त्याला शब्द, ज्याला हात हवा होता त्याला हात. तुमच्या आई या तिघांपैकी कोण, हे चॅनेलवाल्याला कळणं शक्य नाही. ते घरी आलेल्या माणसालाच कळेल.

आता प्रभुभोजन. इथे मात्र मी तुम्हाला सगळ्यांचं एकच उत्तर देऊ शकत नाही.

तुमचं घर कॅथलिक असेल तर उत्तर सरळ आहे. २००२ मध्ये व्हॅटिकनने इंटरनेटवर एक दस्तऐवज काढला, त्यात स्पष्ट म्हटलंय की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. धर्मगुरूने पडद्यावर उच्चारलेल्या शब्दांनी तुमच्या घरातली भाकर ख्रिस्तप्रसाद होत नाही. कॅथलिक आजारी माणूस घरी मिस्सा (कॅथलिक उपासना) पाहतो आणि मनाने ख्रिस्ताला ग्रहण करण्याची प्रार्थना करतो, आणि धर्मगुरू किंवा नेमलेला सेवक त्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. तुमचं घर मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) असेल तर हा प्रश्नच वेगळा होतो. आपल्या नगर जिल्ह्यात मुक्तिफौजेची मंडळी बरीच आहेत, आणि मुक्तिफौजेत प्रभुभोजनाचा विधी मुळी पाळलाच जात नाही. म्हणजे आई त्यातल्या असतील तर त्यांनी वाटी-चपाती ही सवय बाहेरूनच उचललीय. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बऱ्याच ठिकाणी घरोघरी भाकर मोडण्याला मोकळीक असते, तिथले पास्टर म्हणतील, विश्वासाने घेतलं ना, मग झालं. आमच्या सीएनआयमध्ये दीक्षित पाळकाशिवाय प्रभुभोजन होत नाही, आणि मी माझ्या मंडळीला फोनसमोर ते घ्यायला कधीच सांगितलं नाही, लॉकडाऊनमध्येही नाही.

का नाही, ते सांगतो. तुमच्या आईंनी घेतलेलं ‘खोटं’ आहे असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, त्यांच्या मनात प्रभू आहे हे मला दिसतंय. माझा आक्षेप पडद्यावरून ‘आता घ्या’ म्हणणाऱ्यावर आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल प्रभुभोजनावरून चिडलाय, ते कशावरून? द्राक्षारस कुठला, भाकर कुठली, यावरून अजिबात नाही. करिंथात लोक जमायचे, पण ज्याच्याकडे होतं तो आपलं आपलं आधी खाऊन घ्यायचा आणि दुसरा उपाशी राहायचा. पौलाचा उपाय साधा आहे: जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. त्याआधी, दहाव्या अध्यायात, तो म्हणतो की भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर. आता फोनसमोर कोण कोणासाठी थांबतं? आईंची चपाती आईंची, उपदेशकाची भाकर उपदेशकाची. त्या दिवशी आईंकडे चपाती नसती तर कोणाला कळलं असतं?

जुन्या मंडळीने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. जस्टिन मार्टर नावाचे एक ख्रिस्ती विद्वान होते, त्यांनी इ. स. १५५ च्या सुमारास रोमी बादशहासाठी लिहिलेल्या बचावात ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते सांगितलंय. सगळे एके ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, अध्यक्ष उपदेश करतो, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. आणि मग एक वाक्य येतं, त्यावर माझा फार जीव आहे: जे हजर नाहीत त्यांच्याकडे तो सेवकांच्या हाती पाठवला जातो. म्हणजे आजपासून साडेअठराशे वर्षांपूर्वीही कोणीतरी येऊ शकत नव्हतं. आजारी होतं, गुलाम होतं, तुरुंगात होतं. मंडळीने त्यांना ‘तुमच्या घरी तुम्ही घ्या’ असं सांगितलं नाही. कोणीतरी चालत गेलं.

आणि चालत जाणंही शक्य नसेल तेव्हा? अँग्लिकन परंपरेतल्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या प्रभुभोजनाविषयी एक सूचना आहे: आजारामुळे किंवा दुसऱ्या कुठल्या रास्त अडचणीमुळे माणसाला ते तोंडाने घेता आलं नाही, पण त्याने खरा पश्चात्ताप केला आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तर पाळकाने त्याला सांगावं की तुला ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त लाभलंच आहे. लॉकडाऊनमध्ये मी हेच सांगत फोनवर फोन करत होतो. उपास घडला, पण कोणी मुकलं नाही.

पैशांचं लवकर सांगून टाकतो, कारण तिथे अवघड असं थोडंच आहे. पेन्शन आईंची आहे. त्यांनी ती कुठे द्यावी हे तुम्ही ठरवायचं नाही, सल्ला द्यायचा. पण एवढं तपासा. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कोणाचं येतं, एखाद्या ट्रस्टचं की माणसाचं? ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर त्याला हिशेब तपासून घ्यावे लागतात. पावती मागा, मिळत नसेल तर तेच उत्तर समजा. आईंच्या फोनमधल्या पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे म्हणून भाग असतो तो उघडून बघा, महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी चुकून दिली गेलीय का. आणि कोणी फोन करून ‘अभिषेकाचं तेल पाठवतो, ओटीपी सांगा’ म्हटलं असेल आणि पैसे गेले असतील, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, लाजू नका.

बाकी ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ असं जे तिथे सांगितलं जातं त्याबद्दल एकच. हे लोक विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन लहान नाण्यांची, गोष्ट फार सांगतात. मार्काचा बारावा अध्याय, वचन ४१ पासून. आईंसोबत बसा आणि एक वचन वरून, ४० पासून, वाचा. तिथे येशू अशा लोकांबद्दल बोलतोय जे विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. त्यांना अधिक शिक्षा होईल, असं तो म्हणतो. आणि लगेच ती विधवा येते आणि तिच्याजवळ होतं-नव्हतं ते पेटीत टाकते. मीही कित्येक वर्षं दानाच्या रविवारी ४१ पासूनच वाचत आलो होतो, म्हणून मला हे माहीत आहे.

इथवरचं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल: प्रार्थना पोहोचते, प्रभुभोजनाचं तुमच्या मंडळीप्रमाणे, पैशांचं तपासून. पण ‘थांबवायचं कसं’ हा तुमचा तिसरा प्रश्न मला पटत नाही. त्याऐवजी त्या का थांबल्या हे विचारा. चर्चला जायच्या का थांबल्या?

२०२१ नंतर माझ्याच मंडळीतली अकरा-बारा म्हातारी माणसं परत आली नाहीत. मी घरोघरी गेलो. मनात पक्कं धरून गेलो होतो की मोबाईलने यांना आळशी केलं. एकाही घरात ते कारण निघालं नाही. एका आजोबांना पायऱ्या चढवेनात, आमच्या चर्चला सात पायऱ्या आहेत आणि कठडा नव्हता. दोघांना ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही हे मान्य करायची लाज होती. एका बाईंनी फार वेळाने सांगितलं की साखरेमुळे तासाभरात लघवीला जावं लागतं आणि चर्चच्या मागचं शौचालय भारतीय पद्धतीचं आहे, गुडघे वाकत नाहीत. एवढ्या साध्या गोष्टी. कठडा बसवायला आम्हाला फार खर्च आला नाही, लाज मात्र वाटली.

पण त्यांतल्या चार घरांत कारण वेगळं होतं, आणि तुमचं पत्र वाचताना मला तीच घरं आठवत राहिली. म्हणून विचारतो, वडील २०२१ मध्ये कोणत्या महिन्यात गेले?

एप्रिल-मेमध्ये गेले असतील तर त्या वेळी काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चर्च बंद होती. दफनभूमीत चार माणसं, कधी तीही अनोळखी, प्लास्टिकच्या पोशाखातली. पेटी उघडायची नाही, तोंड बघायचं नाही. मी स्वतः लांब फाटकाशी उभं राहून दफनविधीचे शब्द म्हटलेत, जोरात, म्हणजे वाऱ्यातून तरी पोहोचावेत. एरवी आपल्याकडे माणूस गेला की मंडळी घरी येते, रात्री गाणी म्हणतात, बायका विधवेला एकटं सोडत नाहीत, आठवडाभर कोणाकडून तरी डबा येतो, सांत्वनाची प्रार्थना होते. २०२१ मध्ये यातलं काहीएक झालं नाही. सात ऑक्टोबरला राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली तेव्हा आम्ही चर्च झाडून घेतलं, फुलं लावली आणि आनंदाची गाणी म्हटली. ज्यांच्या घरात माणूस गेला होता त्यांनी दारातून ते ऐकलं असेल. त्यांच्यासाठी अजून कोणी रडलंच नव्हतं.

त्यांतल्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, “आम्ही दोघं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचो. आता तिथे मी एकटी बसले की सगळे मागून बघणार.” मोबाईलसमोर मागून कोणी बघत नाही.

आम्ही शेवटी असं केलं. त्या चार घरांत एकेक संध्याकाळ ठरवली आणि मंडळी घेऊन गेलो. वर्ष-दीड वर्ष उशिरा. गेलेल्या माणसाचा फोटो मधे ठेवला, पूर्ण स्मरण-उपासना केली, जी गाणी त्याला आवडायची ती म्हटली, ज्याला बोलायचं होतं तो बोलला. एका घरी मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, चाळिशीतला मुलगा. मग चहा, शेव, आणि रात्री दहापर्यंत गप्पा. चारपैकी तीन बाया पुढच्या महिनाभरात चर्चला आल्या. चौथ्या अजून येत नाहीत, त्यांच्याकडे आम्ही दर महिन्याला प्रभुभोजन घेऊन जातो. त्यांचा फोन अजून चालू असतो. मी पोहोचलो की त्या तो बंद करतात, कधीकधी ‘थांबा, एवढं गाणं होऊ द्या’ म्हणतात.

तुमच्या आईंच्या बाबतीत कारण हेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. गुडघे असतील, पंचांशी काही बोलाचाली झाली असेल, नवीन पाळक आवडत नसतील, काहीही असू शकतं. पण तुम्ही विचारणार असाल तर ‘आई तू चर्चला का जात नाहीस’ असं विचारू नका, त्यात आरोप आहे. ‘पप्पा गेले तेव्हा घरी कोण कोण आलं होतं गं’ असं विचारा आणि मग गप्प बसा.

त्यानंतर, माझ्या अनुभवाने जे उपयोगी पडतं ते असं. मोबाईल काढून घेऊ नका, त्या घरातला तो एकच बोलणारा आवाज आहे. यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करून द्या, नाहीतर एक उपासना संपली की ॲप स्वतःच दुसरी लावतं, आणि आईंना वाटतं ही देवाची योजना. त्यांच्या पाळकांना फोन करा, मंगळवार ते शुक्रवारच्या दरम्यान, शनिवारी नको, शनिवारी आम्ही कोणाचं धड ऐकत नाही. तक्रार करू नका. एवढंच सांगा की वडिलांसाठी घरी स्मरण-उपासना ठेवायची आहे, मंडळीला घेऊन या. पाळक टाळाटाळ करत असतील तर महिला मंडळाच्या बाईंना विचारा, त्या आणतील पाळकांना. आई रविवारी येऊ शकत नसतील तर प्रभुभोजन घरी आणायला सांगा, ते मागण्यात संकोच नको, ते आमचं कामच आहे. आणि पाळक येतील तेव्हा आईंची ती स्टीलची वाटी घडवंचीवर दिसली तर कोणी त्यावरून बोलणार नाही एवढं आधी पाळकांना सांगून ठेवा.

एक जरा टोचणारं. तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुम्ही ‘जमेल तसं’ चर्चला जाता. आईंना हे माहीत असतंच. चर्चला जाणं चांगलं हे मुलगा फोनवर सांगतो आणि स्वतः रविवारी अकरापर्यंत झोपतो, हे कुठल्या आईपासून लपलंय? तेव्हा पुढच्या महिन्यात एक रविवार गावी काढा. शनिवारी रात्रीच पोहोचा, आणि सकाळी आईंना ‘चल’ असं म्हणू नका, स्वतः कपडे करून तयार बसा. त्या निघाल्या तर उपासनेच्या अर्धा तास आधी जा. त्या जुन्या बाकावर बसायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. नको म्हणाल्या तर मधल्या ओळीत, पंख्याखाली जागा धरा, भिंतीच्या कडेला, म्हणजे उठायला हात टेकता येईल. आणि त्या दिवशी चॅनेलचं नाव काढू नका.